कै. रावबहादूर धुरंधर : छापील कागदावरचे चित्रकार

कै. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे नाव ऐकले नाही असे घर आपल्या पाठारे प्रभु ज्ञातीत सापडणे कठीण. बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळविणारे चित्रकार, सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतील वरिष्ठ अधिकारी, सरकारदरबारी मान पावलेले गृहस्थ एवढी त्यांची ओळख बहुतेकांस असते, आणि ज्ञातीच्या सभासमारंभांतून त्यांचा गौरव होतो तोही याच शब्दांत. ही ओळख खोटी नाही, पण अपुरी आहे. धुरंधरांचे आयुष्य जितके रंगीत तैलचित्रांत गेले, त्याहून अधिक छापील कागदासाठी काम करण्यात गेले. पोस्टाची चित्रकार्डे, गोष्टींची पुस्तके, मासिके, देवादिकांच्या तसबिरी, रेल्वेची भित्तिपत्रके, यांपैकी कोणतेही काम त्यांनी हलके म्हणून नाकारले नाही. त्यांच्या पश्चात जाणत्या मंडळींनी त्यांची किंमत कमी केली ती पुष्कळअंशी याच कारणाने. आमचे मत नेमके उलट आहे, आणि ते सप्रमाण मांडावे या हेतूने हा चरित्रलेख स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे झाला. आपली ज्ञाती मुंबईची. गिरगाव, ठाकूरद्वार, भुलेश्वर या भागांत तिची जुनी वस्ती. परंतु या मुलाचे बालपण संस्थानी राजधानीत गेले, आणि त्याने पाहिलेले पहिले जग पंचगंगेकाठचे होते. पागोटी, अंगरखे, नऊवारी लुगडी, देवळांतील गर्दी, मिरवणुका हे सारे त्याच्या डोळ्यांत मुंबईत येण्यापूर्वीच साठले होते. पुढे शिवकालीन प्रसंग काढताना हात अडखळला नाही याचे एक कारण आम्हांस येथे दिसते.

जानेवारी १८९० मध्ये ते मुंबईच्या कलाशाळेत दाखल झाले. ही शाळा सर जमशेटजींच्या देणगीतून १८५७ साली सुरू झालेली. त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स हे तिचे प्रमुख होते. याच ग्रिफिथ्सांनी १८७२ पासून पुढे बरीच वर्षे शाळेतील विद्यार्थी अजिंठ्यास नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या होत्या. शाळेतील शिक्षण अर्थात विलायती पद्धतीचे होते. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश, मग जिवंत मनुष्याकृती, यथार्थदर्शन, वस्त्रांच्या चुण्या, असा क्रम असे. नव्या विद्यार्थ्याचा हात ग्रिफिथ्सांच्या नजरेत लवकरच भरला. बक्षिसे मिळू लागली, आणि १८९५ साली बाँबे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात धुरंधरांच्या चित्रास सुवर्णपदक मिळाले. ही संस्था स्थापन होऊन तेव्हा उणीपुरी सात वर्षे झाली होती, आणि तिच्या प्रदर्शनांत गोऱ्या हौशी चित्रकारांचाच भरणा अधिक असे. विशेष हे की, पदक मिळविणाऱ्या चित्राचा विषय लक्ष्मीच्या आगमनाचा, म्हणजे आपल्या घरातलाच होता. लवकरच ते त्याच शाळेत शिक्षक झाले, आणि ३१ जानेवारी १९३१ रोजी निवृत्त होईपर्यंत शाळेशी त्यांचा संबंध अखंड राहिला. या ४१ वर्षांचा वृत्तांत त्यांनी स्वतःच ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ या १९४० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लिहून ठेवला आहे.

आता आम्ही आमच्या मुख्य विषयाकडे वळतो.

धुरंधर शिक्षक झाले तो काळ मुंबईत छपाईच्या मोठ्या उलथापालथीचा होता. राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत शिळाछाप छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला व फ्रिट्झ श्लायखर या जर्मन गृहस्थाच्या मालकीचा झाला. राजवाड्यांतील लक्ष्मी आणि सरस्वती या छापखान्याने सामान्य माणसाच्या माजघरात आणून बसविल्या. रविवर्म्यांच्या मागून ज्या चित्रकारांची चित्रे या छापखान्यातून निघाली, त्यांत धुरंधर होते. तेव्हा देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर टांगलेली एखादी जुनी तसबीर रविवर्म्यांचीच समजून चालणाऱ्या वाचकांनी ती एकदा खाली उतरवून कडेची बारीक अक्षरे वाचून पाहावीत.

या छपाईची रीत थोडी सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून चित्रकाराचे श्रम कळत नाहीत. शिळाछापात दगडावर स्निग्ध शाईने आकृती काढतात. दगड ओला केला की पाणी मोकळ्या जागी धरते, आणि शाई केवळ स्निग्ध जागी चिकटते. रंगीत चित्रास प्रत्येक रंगाचा दगड वेगळा लागतो, आणि कागद त्या सगळ्या दगडांवरून एकामागून एक जातो. एखादा दगड केसभर सरकला तर देवीचे ओठ गालावर येतात. पुढे तिरंगी ठशांची पद्धत आली. तीत मूळ चित्राचे छायाचित्रण करून पिवळा, तांबडा व निळा असे तीन ठसे काढीत, आणि बारीक ठिपक्यांच्या जाळीतून सगळ्या छटा उमटवीत. या दोन्ही रीतींत चित्रकाराला संयम लागतो. तैलचित्रात खपून जाणारा धूसर, मळकट रंग ठशात नुसता चिखल होतो. रेषा निश्चित हवी, रंगाचे थर स्वच्छ हवेत, आकृती लहान झाल्यावरही ओळखू आली पाहिजे. धुरंधरांची जलरंगचित्रे पाहिली म्हणजे ही शिस्त त्यांच्या हाडीमासी खिळली होती हे ध्यानात येते. पातळ, पारदर्शक रंग, मोजकी गडद छाया, आणि सगळ्यास बांधून ठेवणारी ठाम रेषा. छापखान्याने त्यांना बिघडविले असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हांस वाटते, छापखान्याने त्यांना घडविले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चित्रकार्डांची एकच झुंबड उडाली. गोरे साहेब आणि त्यांच्या मडमा विलायतेतील नातलगांस हिंदुस्थानचे दृश्य म्हणून ती पाठवीत, आणि मुंबईसाठी निघणारी अशी बरीच कार्डे त्या वेळी जर्मनीत छापून येत. धुरंधरांनी या कार्डांसाठी मुंबईच्या रस्त्यावरची माणसे काढली. नखरेल मोलकरणीचे त्यांचे कार्ड तर संग्राहकांत प्रसिद्धच आहे. विकत घेणाऱ्याला हवा होता तो चमत्कारिक पूर्वदेश. चित्रकाराने त्याला दिली ती ओळखीची माणसे. कमरेवर हात ठेवण्याची ढब, पदर खोचण्याची तऱ्हा, चालताना पाऊल टाकण्याची लकब, यांवरून बाई कोणत्या वस्तीतली हे सांगता यावे इतका नेमकेपणा त्या हातभर नव्हे, वीतभरही नसलेल्या कागदावर आहे. या कार्डांतील सर्वच विनोद आज रुचण्यासारखा नाही. काहींत परक्या गिऱ्हाइकाला गुदगुल्या करण्याचा हेतू उघड दिसतो, आणि तो झाकून ठेवण्याचे आम्हांस कारण नाही. तथापि तेवढ्यासाठी सगळी कार्डे टाकाऊ ठरविणे म्हणजे भुशाबरोबर दाणेही उफणून देणे होय.

या कामासाठी लागणारी सामग्री त्यांनी कोठून आणली? रस्त्यावरून. धुरंधरांची पेन्सिलीने केलेली रेखाटने विपुल आहेत. गर्दी, वाहने, बसलेली, वाकलेली, ओझे वाहणारी माणसे, लुगड्याच्या निऱ्या, पगडीचे पेच. समोर मनुष्य बसवून चित्र काढण्यास शाळेत वेळ असतो. रस्त्यावरची बाई मात्र चित्रकारासाठी थांबत नाही. तेव्हा पाहावयाचे, मनात धरावयाचे आणि मग कागदावर उतरवावयाचे, ही सवय त्यांनी स्वतःस लावून घेतली. त्यांच्या मोठ्या समूहचित्रांत पन्नास माणसे असली तरी पन्नासांची अंगस्थिती वेगळी दिसते, त्याचे रहस्य या वह्यांत आहे. आमच्या मते धुरंधरांचे सर्वोत्तम काम तेच, आणि ते विकण्यासाठी केलेले नव्हते.

पुस्तकांकडे येऊ. येथे त्यांचे सहकारी बहुधा इंग्रज मुलकी अधिकारी होते, ही एक मौजेची गोष्ट आहे. दिवसा न्यायासनावर किंवा पोलीस कचेरीत बसावयाचे आणि रात्री देशी लोकांच्या रीतिभातींवर लिहावयाचे, असा या मंडळींचा शिरस्ता. एस. एम. एडवर्ड्स हे मुंबईचे पोलीस कमिशनर. त्यांचे मुंबईच्या आडवाटांवरील इंग्रजी पुस्तक तारापोरवाला यांनी १९१२ साली काढले. मोहरमची रात्र, सिद्दी लोकांची वस्ती, कसुंब्याचा अड्डा, प्लेगच्या दिवसांतील भुताटकी असे त्याचे विषय. कमिशनरसाहेबांस हे जग गस्तीच्या निमित्ताने दिसले. त्यांच्या मजकुराला चित्रे काढणाऱ्यास ते लहानपणापासूनच्या शेजारासारखे ठाऊक होते. म्हणून शब्द जेथे आश्चर्य करतात तेथे चित्र शांत असते.

ऑटो रोथफील्ड यांच्या हिंदुस्थानातील स्त्रियांवरील ग्रंथासाठी धुरंधरांनी ४८ रंगीत चित्रे केली. हाही ग्रंथ तारापोरवालांनीच १९२० साली प्रसिद्ध केला. प्रांतोप्रांतीच्या व जातीजातींच्या स्त्रिया, प्रत्येकीचा वेश, अलंकार आणि उभे राहण्याची रीत त्यात आली आहे. ग्रंथकर्त्याची मते आज कोणी मनावर घेणार नाही. स्त्रियांची वर्गवारी करून त्यांच्या सौंदर्यावर न्यायाधीशासारखा निकाल देण्याची त्याची हौस वाचताना कंटाळा आणते. परंतु चित्रांची गोष्ट निराळी. वस्त्रप्रावरणांचा अभ्यास करणारे लोक हा ग्रंथ आजही उघडतात ते चित्रांसाठी. लुगडे कोठे खोचले आहे, चोळीची गाठ कोठे आहे, शेला कोणत्या खांद्यावरून आला आहे, हे शंभर वर्षांपूर्वीच्या छायाचित्रांतही इतके स्पष्ट सापडत नाही, कारण छायाचित्रांत रंग नव्हता आणि बाई कॅमेऱ्यापुढे ताठरून बसे.

या सर्वांत आमच्या आवडीचे पुस्तक मात्र तिसरेच. सी. ए. किंकेड हे न्यायखात्यातील अधिकारी, पुढे द. ब. पारसनीस यांच्याबरोबर त्यांनी मराठ्यांचा इतिहास तीन भागांत लिहिला. १९१४ साली त्यांनी दख्खनच्या बालकथांचे एक इंग्रजी पुस्तक मॅकमिलन कंपनीकडून प्रसिद्ध केले आणि ते आपल्या लहान मुलास अर्पण केले. हे पुस्तक उघडणाऱ्या महाराष्ट्रीय वाचकास पहिल्याच पानांवर घरची माणसे भेटतात, कारण या बालकथा म्हणजे दुसरे काही नसून आपल्या श्रावणातल्या कहाण्या आहेत. आदितवारची कहाणी, सोमवारची कहाणी, मंगळागौर, नागोबा, सर्व ओळीने तेथे आहेत. परक्या मुलीचा मृत नवरा आपले पुण्य देऊन उठविणारी सोमा परटीण तेथे आहे. दिव्याच्या अवसेच्या कहाणीतील राजाची सून तेथे आहे. तिने आपण खाल्लेल्या पदार्थांचा आळ उंदरांवर घातला, उंदरांनी तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकून सूड उगवला, आणि अखेर झाडावर बसून बोलणाऱ्या दिव्यांमुळे तिचे निरपराधित्व राजाला कळले.

किंकेडसाहेबांनी या कहाण्या इंग्रजी मुलांस समजतील अशा भाषेत सांगितल्या. भाषा बदलली म्हणजे वास बदलतो, हे अपरिहार्य. पाटावर बसून, हातात तांदळाचे दाणे धरून ऐकावयाची गोष्ट लंडनच्या शेकोटीजवळ वाचली जाणार होती. अशा वेळी तिचा मूळ वास राखण्याचे काम चित्रांवर येऊन पडले, आणि धुरंधरांनी ते निष्ठेने केले. त्यांच्या राण्या नऊवारीत आहेत, ब्राह्मण दख्खनी आहेत, घरे आपली आहेत. देव येतात तेही आपल्या ओसरीवर येऊन उभे राहतात. विलायतेतील परीकथांच्या चित्रांचा तो बहराचा काळ होता. राजकन्येला फिकट झगा आणि पंख चढविणे विकणाऱ्याला सोपे पडले असते. तो मोह चित्रकाराने टाळला. घरोघरच्या आजीबाईंच्या तोंडी असलेल्या या कहाण्यांना रंगीत रूप मिळाले ते एका इंग्रजी पुस्तकात, आणि ते देणारा हात आपल्यातला होता, ही गोष्ट आपल्या ज्ञातीतील किती कुटुंबांस ठाऊक आहे?

देशी प्रकाशकांनीही त्यांस सोडले नाही. पुरुषोत्तम विश्राम मावजी हे मुंबईचे धनिक व संग्राहक. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ज्या लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्समध्ये रंगीत छपाईचे प्रयोग करीत होते, त्या छापखान्यात मावजी भागीदार होते. मावजींच्या ‘सुवर्णमाला’ या सचित्र प्रकाशनात धुरंधरांची चित्रे आली. गुजरातीत हाजी महंमद अल्लारखिया शिवजी यांनी १९१६ साली ‘वीसमी सदी’ हे देखणे मासिक सुरू केले. छपाईवर पाण्यासारखा पैसा ओतणारा हा संपादक चित्रांसाठी धुरंधरांकडे आला, यात नवल नाही. मासिक १९२० च्या सुमारास बंद पडले. हाजींच्या मृत्यूनंतर ते चालविण्याची छाती कोणास झाली नाही. पण गुजराती वाचकास सचित्र मासिकाची गोडी त्याने लावली. त्याच मासिकात काम केलेले व कलाशाळेत शिकलेले रविशंकर रावळ यांनी पुढे १९२४ साली अहमदाबादेस ‘कुमार’ काढले. मराठी चित्रकार, खोजा संपादक, भाटिया धनिक, पारशी पुस्तकविक्रेता, जर्मन छापखानदार आणि इंग्रज लेखक अशी ही मंडळी. त्या काळची मुंबई म्हणजे काय हे समजण्यास याहून चांगले उदाहरण आम्हांस सुचत नाही.

शिवचरित्रातील चित्रांचा उल्लेख न करता पुढे जाणे योग्य नव्हे. शिवराज्याभिषेक, शाहिस्तेखानावरील छापा, पावनखिंडीत मावळ्यांस धीर देणारे बाजीप्रभू, ही त्यांची चित्रे छापली गेली, पुन्हा छापली गेली, आणि इतकी पसरली की शिवकाल डोळ्यांपुढे आणू गेल्यास नकळत धुरंधरांचेच चित्र उभे राहते. चित्रकाराचे नाव मात्र बहुतेकांस माहीत नसते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः कुंचला धरणारे राजे. धुरंधरांची चित्रे त्यांनी आपल्या संग्रहात आणली, आणि औंधच्या श्री भवानी संग्रहालयात ती पाहावयास मिळतात. खिंडीच्या चित्रात धुरंधरांची रचनाशक्ती दिसते. तेथे एक वीर आणि मागे अंधूक सैन्य असा सोपा मार्ग त्यांनी धरलेला नाही. गर्दीतल्या मावळ्यालाही स्वतःचे अंग आणि स्वतःचा चेहरा आहे. रस्त्यावरच्या वह्या येथे कामास आल्या.

नोकरीतील त्यांची चढती थोडक्यात सांगतो. ते शाळेचे मुख्याध्यापक झाले, नंतर इलाख्यातील चित्रकला शिक्षणाचे निरीक्षक झाले, आणि १९३० साली काही काळ संचालकाचा अधिकारही त्यांनी चालविला. सरकारने रावबहादूर ही पदवी दिली. परंतु संचालकाची कायमची जागा इंग्रज माणसाकडेच राहिली. ग्लॅडस्टन सॉलोमन १९३६ पर्यंत त्या जागेवर होते, आणि त्यांच्यामागूनही चार्ल्स जेरार्ड हे इंग्रजच आले. चाळीस वर्षे शाळा अंगाखांद्यावर वागविणाऱ्या मनुष्यास ती जागा केवळ राखण्यापुरती मिळावी, याबद्दल आम्हांस वाटणारी खंत आम्ही लपवीत नाही. विद्यार्थी मात्र त्यांना विसरले नाहीत. सावळाराम हळदणकरांसारखा जलरंगांचा थोर उपासक याच पिढीत त्या शाळेतून बाहेर पडला.

साठी उलटल्यानंतर त्यांनी एक मोठे काम अंगावर घेतले. नव्या दिल्लीतील सचिवालयाची दालने सजविण्याची योजना निघाली तेव्हा मुंबईच्या शाळेकडेही काम आले, आणि १९२८–२९ च्या सुमारास कायदेसदस्यांच्या दालनातील चित्रे धुरंधरांनी केली. विषय हिंदू व मुसलमानी कायद्यातील प्रसंगांचा. कायद्यासारखा रुक्ष विषय आणि भिंतीएवढा विस्तार! पण जन्मभर माणसांच्या घोळक्यांचे निरीक्षण केलेल्या चित्रकारास न्यायसभा भरविणे अवघड गेले नाही. भिंतीवरचे हे काम आणि रेल्वे कंपन्यांसाठी केलेली भित्तिपत्रके, यांत मापाचा फरक सोडला तर हात एकच आहे.

त्यांच्यावरील आक्षेपांचाही विचार केला पाहिजे. त्यांच्या हयातीतच कलकत्त्यास हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांनी नवे वळण आणले. विलायती वास्तवदर्शी रीत टाकून अजिंठा, राजपूत व मोगल शैलींकडे परतावे, असा त्यांचा आग्रह होता. मुंबईची शाळा या मंडळींच्या टीकेस पात्र झाली, आणि धुरंधर तर त्या शाळेचे मूर्तिमंत रूप. १९४७ नंतर तरुण चित्रकारांनी आणखी निराळी वाट धरली. त्यांना बंगालही नको होता आणि धुरंधरही. एकीकडून ते परके ठरले, दुसरीकडून जुने ठरले, आणि दोन्हीकडून बाजारी ठरले. आमचे स्वतःचेही त्यांच्या कामाविषयी काही म्हणणे आहे. त्यांची पौराणिक चित्रे पुष्कळदा संगीत नाटकाच्या पडद्यापुढे उभी राहिल्यासारखी दिसतात. सुंदर स्त्रीचा एक ठरावीक चेहरा त्यांनी वारंवार वापरला आहे. मागणी फार आणि हात वेगवान, यामुळे काही कामे घाईची उतरली. परंतु बाजारी या शब्दाने आम्ही बिचकत नाही. जे चित्र दोन आण्यांना विकले जाते ते दोन आणे असणाऱ्याच्या घरी जाते. सोन्याच्या चौकटीतील तैलचित्र कोणा संस्थानिकाच्या दिवाणखान्यात शंभर वर्षे बंद राहिले. वीतभर कार्ड पोस्टाच्या थैलीतून समुद्रापार गेले आणि आपली मोलकरीण, आपली कोळीण परक्या देशातील टेबलावर उभी राहिली.

आणि येथेच आपल्या ज्ञातीचा संबंध निकटचा आहे. गिरगाव-ठाकूरद्वारची जुनी घरे एकामागून एक पाडली जात आहेत. पेट्या आणि फडताळे रिकामी करताना दागिने, भांडी, देव सांभाळून नेले जातात. कागद मात्र रद्दीत जातात. त्या कागदांत जुनी कार्डे असतात, फाटकी मासिके असतात, चौकटीची काच फुटलेल्या तसबिरी असतात. तैलचित्र कोणी रद्दीत टाकणार नाही. धुरंधरांच्या आयुष्यातील जो भाग छापील कागदावर आहे, तो मात्र असाच नाहीसा होतो. आपल्या पणज्या कशा नेसत, कशा चालत, सणाच्या दिवशी कशा सजत, हे पाहावयाचे तर आपल्यापाशी दुसरे साधन फार थोडे आहे. ज्या कुटुंबांत असे कागद असतील त्यांनी ते कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावेत, चिकटपट्टी लावून जोडू नयेत, आणि मुलांस दाखवावेत, इतकीच आमची विनंती आहे.

निवृत्तीनंतरही कुंचला खाली ठेवला गेला नाही. आत्मवृत्त लिहून झाल्यावर चार वर्षांनी, १ जून १९४४ रोजी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले. महायुद्धाचे दिवस होते. कागदाची टंचाई होती.

त्यांच्या मागे त्यांचे काम राहिले ते त्यांची कन्या अंबिकाबाई यांच्यामुळे. १९१२ साली जन्मलेल्या अंबिकाबाईंनी वडिलांच्याच शाळेत शिक्षण घेऊन पदविका मिळविली. मुलीने चित्रकला शिकणे, तीही पुतळ्यांवरून आणि जिवंत मनुष्यावरून, हे त्या काळी आपल्या पुढारलेल्या म्हणविणाऱ्या ज्ञातीतही सर्वांस रुचण्यासारखे नव्हते. अंबिकाबाई स्वतः चित्रकार होत्या, तथापि वडिलांची चित्रे, वह्या, सुटे कागद जपणे हे त्यांनी आपले व्रतच मानले. मोठ्या चित्रांचे भाव आले तेव्हाही लहान रेखाटने त्यांनी विस्कळीत होऊ दिली नाहीत. ‘माझी स्मरणचित्रे’ या नावाने त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. २००९ साली त्या निवर्तल्या.

पुढे २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. सुहास बहुळकर यांनी त्याची मांडणी केली. तैलचित्रांबरोबर जलरंग, पेन्सिलीची रेखाटने आणि छापील कामही त्या भिंतींवर आले. हे संग्रहालय फोर्टातील ज्या सर कावसजी जहांगीर सभागृहात आहे, ते १९११ साली बांधले गेले. त्या वेळी धुरंधर तेथून मैल-दीड मैलावर, क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या शाळेत वर्ग घेत होते, आणि किंकेडसाहेबांच्या कहाण्यांची चित्रे अजून व्हावयाची होती.